उभ्या जागी पळणारं इंजिन

रे रोड,
१४ जुलै

श्रीमती शेवंताबाई यांस,

चिंतामणी परब याचा नमस्कार. आपल्या प्रितीने माझ्या सुशांतशी लग्न केलं, म्हणून आपण माझ्या विहीणबाई. यात माझा काही दोष नाही. लग्नाच्या दिवशी रजिस्ट्रारच्या जिन्यात आपण शपथ घेतलीत की या माणसाशी जन्मात बोलणार नाही. बरं केलंत. इंजिनांच्या शेजारी उभं राहून माझे कान कधीच गेलेत, आपण बोलला असतात तरी वायाच गेलं असतं. तेव्हा लिहितो. चिठ्ठी आपला ड्रायव्हर स्वरूप घेऊन येईल.

आपल्या मासळीच्या ट्रकचं इंजिन काल उघडलं. उघडल्यावर आधी वर्कशॉपच्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. त्यात तेल म्हणून जे निघालं त्याला मी डांबर म्हणतो. पिस्टन लायनरला, म्हणजे ते ज्या नळकांड्यात वरखाली होतात त्याला, असे चिकटून बसले होते की जणू त्यांचंही लग्न लागलंय, तेही घरच्यांना न विचारता. कसारा घाटात हे इंजिन जाम झालं याचं मला नवल वाटत नाही. ते कसाऱ्यापर्यंत पोचलं कसं, याचं वाटतं. मासळीला बर्फ लागतो एवढं आपल्याला कळतं, इंजिनाला तेल लागतं हे कुणी सांगितलं नाही काय?

असो. प्रितीने शब्द टाकला म्हणून काम घेतलं आहे. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं. जुळवून झालं की इंजिन लगेच ट्रकात बसवणार नाही. आधी ते आमच्या डायनोवर चालेल. डायनो म्हणजे इंजिनाला जागच्या जागी ओझं देणारं यंत्र. तिथे पास झालं तरच मिळेल. घाई करू नये, कारण मी केलेली घाई आजवर कुणी पाहिलेली नाही.

चिंतामणी परब


वरळी कोळीवाडा,
१७ जुलै

व्याहीबुवा,

चिठ्ठी पोचली. अक्षर चांगलं आहे. बाकी त्यात चांगलं काही सापडलं नाही.

मिस्त्री लोकांची जात मला ठाऊक आहे. गाडी हातात आली की पहिल्या दिवशी मालकाला शिव्या, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची आरती. माझे मालक लहू गेले तेव्हापासून ही गाडी मी चालवून घेते. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलते, नाशिकला उतरवते. मला तेल शिकवू नका.

आणि ते जागच्या जागी ओझं काय? परळला आता गिरणीच्या जागी टॉवर झालेत, तिथे काचेमागे माणसं पट्ट्यावर पळताना दिसतात. घामाघूम होतात आणि पोचत कुठेच नाहीत. तसलंच दिसतंय तुमचं. माझ्या गाडीला नाशिकला जायचंय, रे रोडला व्यायाम करायचा नाही.

ते यंत्र तुमचा सुशांतच चालवत असेल ना? मग झालंच. त्या पोराला मी लग्नाआधी एकदाच नीट पाहिलं. खुर्चीत असा बसला होता की खुर्चीनंच त्याला धरून ठेवलंय. कष्टाच्या नावानं आंघोळ. माझी पोर बँकेत दिवसभर मान मोडून काम करते आणि हा दिवटा बापाच्या वर्कशॉपात काटे बघत बसतो. तिला बी.कॉम. केली ती कुणाच्या तेलकट कपड्यांना साबण लावायला नाही. त्याच्या हातात माझं इंजिन देणार असाल तर लक्ष ठेवा.

एक तारखेला मासेमारीची पावसाळी बंदी उठते. होड्या जातील, चार-पाच दिवसांत भरून येतील. पहिल्या मालाला ज्याची गाडी धक्क्यावर उभी, पुढचा अख्खा हंगाम त्याचा. माझी नसली तर नाशिकचा व्यापारी दुसरी बघेल. त्याला माझ्याशी सोयरीक करायची नाही.

शेवंता


रे रोड,
२४ जुलै

विहीणबाईंस,

इंजिन जुळवून झालं. माझ्या हातानं जुळवलं आहे, त्यामुळे त्याविषयी काही बोलायची गरज नाही. काल ते डायनोवर चढलं.

आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. नव्या रिंगा आणि नवा लायनर यांची एकमेकांशी ओळख नसते. दोघंही खरखरीत. भार देऊन चालवलं की घासून घासून एकमेकांत बसतात. एकदम भार दिला तर ओरखडे पडतात आणि सगळं वाया. उलट लाडानं नुसतं हळूहळू चालवलं तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, मग रिंगा कधीच बसत नाहीत आणि इंजिन जन्मभर तेल पितं. म्हणून भार पायरी-पायरीनं वाढवायचा. इंजिनाच्या शाफ्टला पाण्यात फिरणारं चाक जोडलेलं असतं. पाणी वाढवलं की ओझं वाढतं. समोर काटे असतात, तेलाच्या दाबाचा, पाण्याच्या तापाचा. ते बघायचे आणि कान उघडे ठेवायचे. पोरांच्या लग्नातसुद्धा हीच पद्धत वापरायला हवी होती, पण आपण पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकलात.

सुशांतविषयी आपण जे लिहिलंत ते वाचलं. त्यावर मला काही लिहायचं नाही. मशीनवर जी व्यक्ती उभी असते ती आपलं काम जाणते. मी स्वतः कुणाला सहज चांगलं म्हणत नाही, हे आमच्या लालबागच्या चाळीत कुणालाही विचारा.

प्रिती बरी आहे.

चिंतामणी परब


वरळी कोळीवाडा,
२६ जुलै

व्याहीबुवा,

'जी व्यक्ती'! वा! पोटच्या पोराचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली, म्हणजे तुम्हाला थोडी अक्कल आली म्हणायची.

स्वरूपला मी बघायला पाठवलं होतं. त्याला तुम्ही त्या यंत्राच्या खोलीत जाऊ दिलं नाही, म्हणजे आत काय चाललंय ते उघड आहे. बाहेरून त्यानं एवढंच बघितलं की इंजिन डिझेल पितंय आणि गरम पाणी नळीतून बाहेर जातंय. एवढ्या डिझेलवर मी अख्ख्या कोळीवाड्याला आंघोळ घातली असती. मग म्हणे दुपारी मशीन बंद पडलं आणि सगळे कंबरेवर हात ठेवून उभे. तुमची 'व्यक्ती' जेवायला गेली असेल. जेवून झोपलीही असेल. आयतखाऊ माणसाला दुपार फार लागते.

मी अशी माणसं धक्क्यावर रोज बघते. जाळं ओढायच्या वेळी ज्यांच्या पायात काटा भरतो, तीच वाटणीच्या वेळी पुढे. माझ्या लेकीनं त्यातलंच एक निवडलं. बँकेत हिशेब करते आणि घरचा हिशेब चुकते.

मंगळवारी दोन पुतण्यांना घेऊन टेम्पो आणते. इंजिन जसं असेल तसं उचलेन. तुमच्या वर्कशॉपात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं, पण तुमच्यासारख्या माणसापायी मी माझा हंगाम बुडवणार नाही. इंजिन बाहेर काढून ठेवा.

शेवंता


रे रोड,
२७ जुलै

विहीणबाईंस,

इंजिन मिळणार नाही. टेम्पो आणा, पुतणे आणा, वरळीचा बँड आणा.

कुणी जेवायला गेलं नव्हतं. अर्ध्या भारावर इंजिन तापलं तसा तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकायला लागला. थोडासाच. मी म्हणालो, काटा जुना आहे, चालू दे. मशीनवरच्या व्यक्तीने माझं ऐकलं नाही, भार काढला आणि इंजिन बंद केलं. आमच्यात शब्दाला शब्द झाला. म्हणजे तिकडून शब्द, इकडून मी. माझ्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून ते शब्द पाटीवर खडूनं लिहून दाखवण्यात आले. ते इथे देत नाही.

आता तेलाची वाट पुन्हा उघडून बघतो आहोत. बहुधा आपल्या ट्रकच्या जुन्या ऑइल कूलरमध्ये घाण अडकलेली असावी. ज्या गाडीच्या इंजिनात डांबर निघतं तिच्या कूलरमध्ये अत्तर थोडंच निघणार?

आपण येऊ नये. इथे आपल्याला बघण्यासारखं काही नाही.

चिंतामणी परब


वरळी कोळीवाडा,
३० जुलै

चिंतामणी परब,

मी काल आले होते. तुम्हाला कळलंही नाही. स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होतात, पाठ माझ्याकडे. तुमच्यामागून मी चालत गेले. म्हटलं, ऐकू येत नाही ते बरंच आहे, उचलू आणि जाऊ.

आतून असा आवाज येत होता की छातीत धडधडलं. त्या खोलीला एक जाड काच आहे, तिच्यातून मी बघितलं. म्हटलं सुशांत किती वजनानं वाढलाय ते तरी बघू.

एक बाई पाठमोरी उभी. कानावर ते मोठे गोळे, केस वर बांधलेले, हात कोपरापर्यंत काळे. सगळा भार एका पायावर टाकून उभी. आमच्या घरातल्या बायका मासळीच्या टोपलीमागे तशाच उभ्या राहतात, माझी आई तशी, मी तशी. ती काट्याकडे बघत होती. एक हात चाकावर. चाक जरासं फिरवायची, इंजिनाचा आवाज खोल जायचा, मग थांबायची. एकदाही मागे बघितलं नाही.

पुतण्या म्हणाला, काकी, ही आपली प्रिती. मी म्हटलं, गप, टेम्पो वळव.

बाहेर चहाच्या टपरीवर विचारलं, सुशांतशेठ कुठं असतात? तो म्हणाला, शिमग्यानंतर इकडे दिसले नाहीत.

शिमगा कधी झाला, परब? तेव्हापासून मी दर रविवारी पोरीशी फोनवर बोलते आणि ती सांगते सगळं बरं आहे. तुम्ही लिहिता, प्रिती बरी आहे. तुमचा मुलगा कुठं आहे? माझ्या पोरीची बँक कुठं आहे? तुम्ही तिला मजूर करून ठेवलीत आणि वर मला लग्न कसं चालवावं ते शिकवलंत. तुमच्यापेक्षा धक्क्यावरचा कुत्रा बरा. तो मासळी चोरतो, पण समोर उभा राहून चोरतो.

उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.

शेवंता


रे रोड,
३१ जुलै

आई,

उत्तर मी देतेय. तुझी चिठ्ठी बाबांनी वाचली आणि माझ्यापुढे ठेवली. मग आधीच्याही मागून घेतल्या. सगळ्या वाचल्या. म्हणजे दिवटा मी, आयतखाऊ मी आणि जेवून झोपणारी पण मीच. थँक्यू.

सुशांत शिमग्याच्या आठवड्यात पुण्याला गेला. एका मुलीबरोबर गेला. तिचं नाव मला माहीत आहे, तुला सांगणार नाही, कारण तू तिच्या दारात जाऊन उभी राहशील आणि मग पुण्याला पोलीस बोलवावे लागतील. बँक मी त्याच्या आधीच सोडली होती. मला मशीन आवडायला लागलं होतं. सुशांत चालवायचा तेव्हा मी बाजूला उभी राहून बघायची. तो फोनमध्ये असायचा, काटे मीच बघायचे. तो गेल्यावर फरक एवढाच पडला की खुर्ची रिकामी झाली.

मला कुणी मजूर केलं नाही. बाबा तर आधी नकोच म्हणत होते. म्हणाले, बायकांचं काम नाही. मी म्हटलं, मग पुरुष कुठं आहे तो दाखवा.

तुला का सांगितलं नाही, तर तू रडली नसतीस. तू म्हणाली असतीस, मी सांगितलं होतं. त्या एका वाक्यासाठी तू लग्नाच्या दिवसापासून थांबलीयेस. मला ते ऐकायचं नव्हतं. बाबांना मीच शपथ घातली होती.

आता बाबांबद्दल. तुमच्या कूलरमध्ये घाण नव्हती. आत तेलाच्या वाटेवर एक बूच असतं, ते नीट आवळलेलं नव्हतं. थंड असताना कळत नाही. तापलं की तिथून तेल गळतं आणि दाब उतरतो. ते बूच बाबांनी स्वतःच्या त्या थोर हातांनी बसवलं होतं. सापडल्यावर त्यांनी ते स्वतःच पुन्हा आवळलं. तुला लिहायलाही विसरले, बघ.

आणि तू टेम्पो घेऊन आलीस. आठवड्यापूर्वी आली असतीस आणि इंजिन नेलं असतंस, तर भरलेला ट्रक घेऊन कसाऱ्याच्या चढावर ते पुन्हा जाम झालं असतं. मागे गाड्या, बाजूला दरी, आणि आत स्वरूप. त्याची मुलगी पहिलीत आहे. तुला हंगाम दिसत होता, बाबांना स्वतःचं नाव दिसत होतं. काटा कुणालाच दिसत नव्हता.

तुम्ही दोघं एकमेकांना इतकं तुच्छ समजता, की तुम्हाला दुसरं काही करायला वेळच उरत नाही.

मी घरी येणार नाही. न्यायला येऊ नकोस. इंजिन आता ठीक चाललंय. परवा देते.

प्रिती


रे रोड,
२ ऑगस्ट

विहीणबाईंस,

इंजिन तयार आहे. पूर्ण भारावर चाललं, दाब हलला नाही, धूर साफ. उद्या सकाळी स्वरूपला ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून ओढून आणायला सांगा, इथेच बसवून देतो.

कामाचं संपलं. आता दुसरं.

काल दुपारी सुशांत आला. प्रिती पूर्ण भाराची टेस्ट घेत होती. हा हातात मिठाईचा पुडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. बराच वेळ बोलला. हातवारे छान करतो, ते त्याला लहानपणापासून येतं. मी पाटी आणि खडू पुढे केला. म्हटलं, मला ऐकू येत नाही हे तू विसरलास वाटतं. लिही. त्याने 'बाबा' लिहिलं. मग पुसलं. मग 'मी मशीन सांभाळतो, ती घरी' एवढंच लिहिलं आणि खडू खाली ठेवला.

तो माझा मुलगा आहे. आपण त्याच्याविषयी जे जे लिहिलंत ते वाचून माझा संताप झाला होता. तो खोटं लिहिलंत म्हणून झाला नव्हता, हे आता लिहून टाकतो. त्याचं ते वाक्य वाचलं आणि माझ्या मनात आलं, आपल्या सुनेला या माणसाचं घर सांभाळायला परत पाठवायचं, आणि या माणसाला इंजिन द्यायचं, तर आपल्याला वेड लागलं पाहिजे.

मी त्याला खोलीच्या दाराशी नेलं. प्रितीने काचेतून पाहिलं. भार सोडला नाही. एका हाताने पाटी मागितली आणि लिहिलं, 'इंजिन लोडवर आहे. बाहेर थांब.' तो टपरीवर जाऊन थांबला. टेस्ट लांबली. ती काट्यांवरून नजर न काढता उभी होती. मी मधे दोनदा बाहेर जाऊन पाहिलं, तिने एकदाही नाही.

शेवटी इंजिन बंद करून, कान मोकळे करून ती बाहेर आली. ओठांवरून मला एवढं कळतं. म्हणाली, "गेला?"

मी म्हटलं, "गेला."

"मग चहा सांगा, बाबा."

मिठाई मी मिस्त्रींना वाटली. वर्कशॉपच्या बाहेरच्या बोर्डावर 'परब आणि मुलगा' असं लिहिलेलं आहे, ते पेंटरला खरवडायला सांगितलं आहे. त्या जागी काय लिहायचं ते ती ठरवेल.

ते बूच मी बसवलं होतं.

चिंतामणी परब


वरळी कोळीवाडा,
१० ऑगस्ट

व्याहीबुवा,

गाडी नाशिकला जाऊन आली. पहिला माल माझ्याच गाडीतून गेला. धक्क्यावर बाकीचे बघत राहिले, त्यांची तोंडं मी तुम्हाला दाखवायला हवी होती, तुमच्याच पंगतीतली आहेत.

प्रिती सोबत आली होती, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणाली, रस्त्यावर ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही. मग मीही चढले. स्वरूप गाडीवर, मधे ती, दाराशी मी. मला बोलायचं होतं. सबंध वाटेत ते वाक्य माझ्या तोंडात होतं. पोर बरोबर ओळखते मला.

कसारा लागला तशी तिनं हात वर करून मला गप्प केलं. मी बोलत नव्हतेच. स्वरूपनं गियर टाकला, गाडी भरलेली, चढ तोच. ती डोळे मिटून बसली, जसं काही देवळात बसलीय. आवाज खोल गेला आणि तसाच राहिला. वळण गेलं, दुसरं गेलं. स्वरूपचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला होता, तो सैल झालेला मी बघितला. जिथे मागच्या वेळी गाडी मेली होती ती जागा कधी गेली ते मला कळलं नाही.

घाट संपला आणि ती माझ्या खांद्यावर झोपली. नाशिक येईपर्यंत उठली नाही. तिचे हात माझ्या मांडीवर होते, नखांत अजून काळं. लुगड्याला डाग पडला, तो जात नाही. तुमच्या घरात तिला झोपू देत नाहीत काय? एवढी दमलेली बाई मी बाळंतपणातही बघितली नाही. मी ते वाक्य गिळलं. घशातून खाली उतरायला इगतपुरी ते नाशिक लागलं.

बोर्डावर काय लिहिलं ते स्वरूपनं सांगितलं. नुसतं 'परब' कशाला? माझ्या लेकीला तिचं स्वतःचं नाव आहे. पण तिनंच ठरवलं म्हणतो, मग मी काय बोलणार. तुमच्या मुलाबद्दल मी आता काही लिहीत नाही, त्याच्यावर शाई घालवायची नाही.

स्वरूपबरोबर पापलेटं पाठवली आहेत, पहिल्या मालातली. ती प्रितीसाठी आहेत. ती एकटी एवढी खाणार नाही, हे मला कळतं. तुम्ही मालवणी लोक दिसेल त्यात नारळ ओतता, यात ओतू नका. मीठ, हळद, जराशी चिंच, बस. कमी आचेवर ठेवा आणि सारखं ढवळू नका, मोडतात.

शेवंता